वरच्या खोलीची परवानगी

महांतप्पा गवंड्यानं हातोडीच्या मुठीनं भिंतीवर दोन ठोके दिले आणि केशरबाईच्या हातातलं सूप हललं. निवडलेली तूर पसाभर तरी अंगणात सांडली. ती वेचायला खाली बसली, पण कान भिंतीकडंच होते. ठक. ठक. दर ठोक्याला तिच्या दाढा एकमेकींवर बसत होत्या.

"भिंत काय हलत न्हाय सर," महांतप्पा म्हणाला. "सिमेंटच्या ठोकळ्याची हाय. वर एक खोली अन् म्होरं मोकळी गच्ची, निवांत बसंल. पाऊस यायच्या आत स्लॅब टाकून देतो."

सर म्हणजे केशरबाईचा पोरगा, प्रसेनजित. नळदुर्गच्या एका शाळेत तो प्रयोगशाळेत नोकरीला होता, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर, त्यात आईबाप, तो आणि त्याची बायको क्षमा. क्षमाला सातवा महिना लागला होता. पुढच्या पंधरवड्यात ती बाळंतपणाला माहेरी जाणार आणि श्रावणात लेकरू घेऊन परतणार. तोवर वरची खोली झालीच पाहिजे, असं प्रसेनजितनं मनाशी पक्कं केलं होतं.

"का रं," केशरबाई खालूनच म्हणाली, "परवानगी लागती का ह्याला?"

"कशाची परवानगी? आपलंच घर की."

"तसं न्हाय. सरकारनं दिल्यालं घर हाय. इचारावं लागत आसंल कुणाला तरी."

"माय, गावात बारा घरावर मजला चढलाय. कुणी इचारलं? तू तूर निवड."

महांतप्पा हसला. टेपचं टोक धरून प्रसेनजित घराच्या मागं गेला. केशरबाईनं तूर सुपात घेतली खरी, पण तिला खडा दिसेना न् दाणा दिसेना.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात जुनं गाव बसलं, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. जुन्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. वर मातीचं धाबं. पावसाळ्याआधी दर वर्षी तिचा नवरा आबाराव धाब्यावर नवी माती टाकायचा, आणि धाबं वर्षागणिक जड व्हायचं. त्या पहाटे ते सगळं खाली आलं. आबारावाचा पाय मांडीपासून मोडला. केशरबाई सूर्य डोक्यावर येईस्तोवर मातीखाली होती. तिची चार वर्षांची सुलभा हाताच्या अंतरावर होती. आधी पोरीचा आवाज येत होता. मग येईनासा झाला.

पुढं सरकारनं माळावर नवं गाव वसवलं, रांगेनं घरं दिली. तोवर राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडात प्रसेनजित जन्मला आणि दोन वर्षांचा होऊन ह्या घरात आला. केशरबाई मात्र ह्या छताखाली कधी झोपली नाही. अंगणात पत्र्याची पडवी होती, तिथं तिची बाज असायची, थंडीतही, पावसातही. लोक म्हणायचे, म्हातारीला उकडतं. तीही तेच म्हणायची. सुलभाचं नाव घरात कुणी घेत नसे.

आता त्या छतावर अजून एक छत येणार होतं. तिला माणसांची भीड पडत होती. पोराला काय सांगणार? भ्या वाटतंय? तो काय म्हणणार, की माय, काय होत न्हाय. सगळेच म्हणतात, काय होत न्हाय. त्या वर्षी गणपतीच्या आधी जमीन सारखी गुरगुरायची, तेव्हाही सगळे हेच म्हणत होते.

पण सरकार न्हाय म्हणालं तर? हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि तिचा अडकलेला श्वास मोकळा झाला.

गुरुवारी प्रसेनजित कामावर गेला, आबाराव काठी टेकत पारावर गेला. केशरबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि क्षमाला म्हणाली, "दुकानाकडं जाऊन येते." ती गेली ग्रामपंचायतीत.

ग्रामसेवक शिवपुत्र गुरुवारीच यायचे. खोलीत पंख्याखाली ते फायली चाळत होते आणि कोपऱ्यात संगणकावर शिवलिंग बसला होता. गावचाच, अर्ज भरायचं काम करणारा. केशरबाई उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी राहिली.

"काय मावशी, पगारीचं काय?" ग्रामसेवकांनी मान वर न करता विचारलं. निराधारांच्या पगारीला आलेली बाई, असं त्यांना वाटलं.

"न्हाय सायेब. एक इचारायचं होतं. घरावर मजला चढवायचा, तर परवानगी लागती का?"

"कुणाला चढवायचाय?"

"एकाला."

शिवलिंग तोंडावर हात धरून हसला. ग्रामसेवकांनी आता तिच्याकडं पाहिलं. "लागती. अर्ज, नकाशा, इंजिनिअरचा दाखला. पुनर्वसनाची घरं एका मजल्याची हायेत, वर चढवायचं तर आधी तपासून घ्यावं लागतं."

"लागती," केशरबाई म्हणाली. तिच्या खांद्यावरचं ओझं कुणी तरी उतरवून घेतल्यासारखं झालं. "म्हंजी, परवानगीबिगर बांधता येत न्हाय."

"कागदावर येत न्हाय. पण कोण अर्ज करतंय मावशी? बांधा म्हणावं त्या एकाला. तक्रार आली न्हाय तर आमी काय कुणाच्या दारात जात न्हाय."

"अन् तक्रार आली तर?"

"तर नोटीस काढावी लागती. काम बंद."

"कुणी करायची तक्रार?"

"कुणीबी."

ती तशीच उभी राहिली. ग्रामसेवक पुन्हा फायलीत शिरले. थोड्या वेळानं फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तशी ती शिवलिंगजवळ गेली.

"एक अर्ज लिहून दे रं बाबा."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. शिवलिंगची बोटं थांबली. "काकू, घर तुमचंच. पोरगं तुमचंच. भांडाण झालंय व्हय?"

"भांडाण न्हाय. लिही. अन् कुणाला सांगू नगंस, तुला तुज्या मायची आण हाय."

बचत गटात शिकलेली सही तिनं कागदाच्या खाली केली. के काढताना मात्रा दोनदा चुकली. निघताना शिवलिंग हळूच म्हणाला, "काकू, मागल्या साली तालुक्याला एकाचं बिगर परवानगीचं बांधकाम जेसीबीनं पाडलं. ध्यानात ठिवा."

ती घराकडं निघाली. मजला थांबावा एवढंच तिला हवं होतं, पण आता तिला दिसत होतं की जेसीबी यायचा तो काय नुसत्या विटा ओळखून पाडणार? एकदा त्याचा दात भिंतीला लागला की घर राहणार का? त्या दिवसापासून रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी ती पडवीतून उठून उभी राहायची. मळणीयंत्राचा आवाज आला तर तव्यावरची भाकरी करपायची. विटांचा ट्रक दारात येऊन खाली झाला, तेव्हा ती घरामागं न्हाणीत जाऊन दोन्ही कान दाबून बसली. आबारावाला वाटलं, बायकोचं पित्त खवळलं.

नोटीस आठव्या दिवशी आली. महांतप्पा जिन्याच्या पायरीचं माप घेत होता, प्रसेनजितला सुट्टी होती. ग्रामपंचायतीच्या शिपायानं कागद दिला, सही घेतली आणि गेला. प्रसेनजितनं तो उभ्यानंच वाचला.

"'तक्रार अर्ज प्राप्त झाल्यावरून,'" त्याचा आवाज चढला. "'विनापरवाना बांधकाम तात्काळ थांबवावे.' तक्रार! कुणाची तक्रार? बारा मजले दिसले न्हायत, आमचाच दिसला?"

"शेजारी कोण हाय बघा की," महांतप्पा थापी धूत म्हणाला. "जिन्यामुळं कुणाचा उजेड आडतोय ते बघा."

शेजारी गोरोबा होता. कोपऱ्यावर त्याची पिठाची गिरण होती. प्रसेनजित पायात चप्पल न घालताच निघाला. "आरं ऐक," केशरबाई मागं धावली. "आरं, थांब." ऊन तापलेलं, डांबर मऊ झालेलं.

ती पोचली तेव्हा गिरणीचा पट्टा फिरत होता आणि प्रसेनजितनं गोरोबाची कॉलर धरली होती. गोरोबाच्या मिशांवर पीठ, डोळे पांढरे झालेले. डबे घेऊन आलेल्या बाया भिंतीला टेकल्या होत्या.

"म्या कशाला तक्रार करू?" गोरोबा ओरडत होता. "तुज्या बापाच्या मांडीला मांडी लावून जेवतो म्या!"

"खोटं बोलतोस! आमी वर चढलेलं बघवत न्हाय तुमाला!"

त्यानं गोरोबाला मागं ढकललं. गोरोबाचं डोकं फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर गेलं. कुणी तरी किंचाळलं. केशरबाईला वाटलं तीच किंचाळली, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"म्या दिला आर्ज! म्या! सोड त्येला!"

कुणी तरी गिरणी बंद केली. पट्टा फडफडत थांबला. पीठ हवेत तरंगत होतं आणि सगळे तिच्याकडं बघत होते. गोरोबानं कॉलर सारखी केली. भिंतीपाशी उभी असलेली एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "सुनंला खोली नगं आसंल म्हातारीला."

प्रसेनजितनं आईकडं पाहिलं. तो हे ऐकून चिडला असता तर बरं झालं असतं. तो गोरोबाच्या पाया पडला, तिथून तसाच अनवाणी घरी आला आणि मोटरसायकल काढून नळदुर्गला गेला. त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. क्षमाला फोन करून सांगितलं, मित्राकडं राहिलोय.

आबाराव बायकोशी एवढंच बोलला, "मला तरी सांगायचं व्हतंस." मग त्यानं मोडक्या पायाची मांडी दाबत भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवस केशरबाई नळावर गेली नाही. पाणी क्षमा आणायला निघाली, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, तेव्हा केशरबाईनं तिच्या हातातून घागर हिसकली. क्षमा तिथंच पायरीवर बसली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, खरं सांगा. मी वर राहायला जाणार म्हणून राग आला का तुमाला?"

"न्हाय गं माय. आसं कसं म्हणतीस."

"मग?"

केशरबाईनं घागर खाली ठेवली. बोलायचं म्हटलं की गळ्याशी माती यायची, तशी आत्ताही आली. "तुज्या पोटातलं लेकरू वरच्या खोलीत निजलेलं आसंल," ती म्हणाली, "अन् म्या खाली. अन् ते समदं... म्या हात पुरवून बगितला व्हता गं. एवढंसंच अंतर व्हतं. बोटं लागली न्हायत."

क्षमाला आधी कळलं नाही. मग कळलं. सुलभाचं नाव तिनं लग्नानंतर एकदाच, आबारावाच्या तोंडून ओझरतं ऐकलं होतं. ती हळूच सरकून सासूजवळ बसली. घागरीवर माशी बसत होती, उठत होती.

"हे तुमी त्यांना कधी सांगितलंत?" क्षमानं विचारलं.

"त्येला काय सांगायचं? त्यो जल्मला बी नव्हता."

संध्याकाळी क्षमानं नवऱ्याला फोन लावला. ती घरामागं जाऊन बोलली, काय बोलली ते केशरबाईला ऐकू आलं नाही. सकाळी प्रसेनजित आला. डोळे सुजलेले होते. आईच्या बाजेवर पायथ्याशी बसला, तिच्या पायाचा अंगठा मुठीत धरून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "इंजिनिअर मॅडम येणारेत तालुक्याहून. तपासणीसाठी म्याच अर्ज केलाय. त्या न्हाय म्हणल्या तर इषय संपला."

मोनिका मॅडम दुपारच्या उन्हात आल्या. तिशीच्या आतली पोरगी, पायात बूट, डोक्याला रुमाल बांधलेला. सोबत ग्रामसेवक शिवपुत्र, काखेत रजिस्टर. मॅडमनी आधी भिंतीला हात लावला, मग म्हणाल्या, "पाया बघू." प्रसेनजितनं पहार घेतली आणि भिंतीच्या कडेला खड्डा घेतला. अडीच फुटांवर पाया संपला. खाली काळी माती. मॅडमनी त्यातलं ढेकूळ उचलून चुरडलं.

"ही माती पावसात फुगती, उन्हात फाटती," त्या म्हणाल्या. "ह्या भिंती स्वतःपुरत्या उभ्या हायेत. ह्यांच्यावर वरचं ओझं टाकायचं न्हाय."

महांतप्पा दुसरीकडं बघायला लागला. केशरबाईनं डोळे मिटले. झालं. आता कुणी काही म्हणणार नव्हतं.

"खोली करायचीच असली तर घराच्या बाहेरून पिलर उचलायचे," मॅडम बोलतच होत्या. "खाली कठीण लागेपर्यंत खोल जायचं. वरची खोली पिलरवर, जुन्या भिंतीवर काहीच न्हाय. नकाशा मी सांगते त्यांच्याकडून काढून घ्या. परवानगी मिळंल. मालक कोण?"

"बाबा," प्रसेनजित म्हणाला.

ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि थांबवलं. "केशरबाई आबाराव सरवदे."

"व्हय," आबाराव पायरीवरून म्हणाला. "घरं वाटली तवा म्या पायाच्या दुसऱ्या आपरेशनला सोलापूरला दवाखान्यात व्हतो. हिनंच आंगठा दिल्ता."

केशरबाई स्वतः विसरून गेली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या, गिरणीत आल्या होत्या तशाच. परवानगीच्या अर्जावर मालक म्हणून तिची सही पाहिजे होती. ती नसेल तर पुढचं काहीच होणार नव्हतं. एवढे दिवस ती ज्याला शोधत हिंडत होती, तो न्हाय म्हणणारा माणूस तीच होती.

"नगं करू सही माय," प्रसेनजित म्हणाला. "खरंच सांगतो. आमी ऱ्हातो खालीच."

त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. तिनं मॅडमकडं पाहिलं.

"बाई, एक इचारू? तुमी लेकीवाणी हाव. पुन्ना जमीन हालली, अन् म्या खाली असले, लेकरू वर आसलं. तर वरचं समदं खाली येईल का?"

शिवपुत्र काही तरी बोलणार होते, मॅडमनी हातानं थांबवलं.

"येणारच न्हाय, असं मी लिहून देऊ शकत न्हाय, आजी," त्या म्हणाल्या. "कुणीच देऊ शकत न्हाय. पण खांब खोल गेले, सळईच्या कड्या जवळ-जवळ बांधल्या, तर घर फाटंल, वाकंल, एकदम बसत न्हाय. माणसाला लेकरू उचलून बाहेर पळायला येळ मिळतो."

"येळ मिळतो," केशरबाई म्हणाली.

"तेवढ्यासाठीच हे सगळं असतं."

तीस-बत्तीस वर्षांत तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, काय होत न्हाय. होईल, पण वेळ मिळेल, असं सांगणारी ही पहिलीच. केशरबाईनं हात पदराला पुसला. "द्या कागुद," ती म्हणाली. ह्या खेपेला मात्रा चुकली नाही, पण पेन सोडताना बोटं उघडेनात. ती क्षमानं सोडवली.

परवानगीचा कागद यायला तीन आठवडे लागले. तोवर क्षमा माहेरी गेली होती. ऊन कमी व्हायचं नाव नव्हतं. महांतप्पानं चुन्याची फक्की टाकून सहा चौकोन आखले आणि प्रसेनजितनं सकाळी सातलाच पहिल्या खड्ड्यात पहार घातली. काळी माती ढेकळाढेकळानं वर येत होती. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं. दुपारी पहारीचा आवाज बदलला, खण् असा आला.

"मुरूम लागला," महांतप्पा वरून म्हणाला. "झालं सर. या वर."

प्रसेनजित शिडीवरून वर आला, घामानं चिंब. केशरबाई पडवीतून उठून खड्ड्याच्या काठावर आली. साडीचा काष्टा तिनं घट्ट खोचला आणि शिडीला पाय लावला.

"आवो अक्का! कुठं निघालाव?"

एक पायरी, दुसरी पायरी. डोकं जमिनीच्या खाली गेलं आणि मातीचा तो वास नाकात शिरला. तिच्या छातीत एकदम कुलूप पडलं. चारी बाजूंनी काळी भिंत, वर आभाळाचा तुकडा. वरून पोराचा आवाज आला, "माय, माय," लांबून आल्यासारखा. तिनं शिडी दोन्ही हातांनी आवळली आणि श्वास आत ओढला. पहिला आला नाही, दुसरा अर्धा आला, तिसरा आला.

मग ती खाली वाकली. तळावरचा भुगा हातानं बाजूला केला आणि मुरुमावर तळवा टेकवला. गार होता. तिनं मूठ आपटली, नखानं उकरलं. कोपऱ्यात एका जागी नख आत गेलं.

"हितं मऊ हाय," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

"तेवढं चालतंय अक्का," महांतप्पा म्हणाला. "काँक्रीट वतलं की झालं. काय होत न्हाय."

"होतंय," केशरबाई म्हणाली. "आजून हातभर खांदा."

महांतप्पानं प्रसेनजितकडं पाहिलं. प्रसेनजितनं पहार उचलली आणि खड्ड्यात उतरला. दोघांना जेमतेम जागा होती; त्याचा घामट खांदा तिच्या खांद्याला घासत होता.

"तू वर जा माय. तुजे पाय कापायलेत."

"कापू दे," ती भिंतीला पाठ लावून म्हणाली. "तू खांद. म्या हितंच उभी हाय."